बीडच्या गव्हाची चाचणी बीडच्या रानात घ्या

प्रति,
मा. कुलगुरू, वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ, परभणी
मा. जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी, बीड

विषय : जिल्ह्यातील गहू संशोधन, बियाणे व लागवडीबाबत मागणीपत्र

महोदय,

आम्ही जिल्ह्यातील गहू उत्पादक शेतकरी संघटितपणे हे पत्र देत आहोत. अनुदान किंवा माफी हा या पत्राचा विषय नाही. आमच्या जमिनीवर, आमच्या तारखांना आणि आमच्या पाण्यावर गव्हाची चाचणी व्हावी, ही आमची मुख्य मागणी आहे. पुढच्या मागण्या तिच्यातूनच निघतात.

बागायती गव्हाची पेरणी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात करावी, अशी शिफारस आहे. त्यानंतर दर पंधरवड्याच्या उशिरामागे हेक्टरी सुमारे अडीच क्विंटल उतारा घटतो, हे आम्हाला शिबिरांमधून अनेकदा सांगितले गेले आणि ते खरेच आहे. पण आमच्या रानात त्या पंधरवड्यात कपाशी उभी असते. सोयाबीन निघाले तरी परतीच्या पावसामुळे वाफसा होत नाही. कालव्याखालचा शेतकरी आवर्तनाची वाट बघतो. त्यातच दसऱ्यानंतर गावातले कोयते ऊसतोडीला जातात. घरात म्हातारी माणसे आणि पोरे उरली की तिफण धरायला माणूस मिळत नाही. म्हणून आमचा गहू डिसेंबरात जातो. ही आमची हयगय नव्हे. जिल्ह्याची पीकपद्धतीच अशी आहे आणि संशोधनाने ती गृहीत धरायला हवी.

उशिरा पेरलेल्या गव्हाचा घात फेब्रुवारीच्या शेवटी होतो. दाणा चिकात असताना ऊन तापले की दाणा भरण्याचे दिवस कमी होतात, दाणा चिमतो आणि वजन जाते. 2022 च्या मार्चमधल्या उष्णतेने उत्तर भारतातही हेच झाले आणि 13 मे 2022 रोजी केंद्राला गव्हाची निर्यात थांबवावी लागली. पंजाबात बातमी झालेले हे नुकसान आमच्याकडे उशिरा पेऱ्याला नेहमीचेच आहे. त्यामुळे उष्णता सोसणारा वाण शोधायला बीडइतकी योग्य जागा दुसरी नाही, असे आमचे ठाम मत आहे.

म्हणून गोदाकाठची गेवराई-माजलगावची काळी जमीन, मांजरा खोऱ्यातले केज-अंबाजोगाई आणि बालाघाटावरची पाटोदा-धारूरची हलकी जमीन अशा तिन्ही ठिकाणी शेतकऱ्यांच्या शेतात किमान तीन हंगाम चाचण्या घ्याव्यात. पेरणीच्या तारखा तीन असाव्यात आणि त्यातली एक डिसेंबरच्या मध्याची असावी. पाच-सहा पाण्यांवर आलेला उतारा आमच्या उपयोगाचा नाही. एकच पाणी असेल तर ते चाळिसाव्या दिवशी द्यावे, दोन असतील तर विसाव्या आणि साठाव्या दिवशी, हे आम्हाला ठाऊक आहे. त्या दोन पाण्यांवर कोणता वाण तग धरतो, हे आम्हाला हवे आहे.

चाचणीसाठी सामग्री आहे. निफाडच्या केंद्रात 1932 पासून गव्हावर काम चालते. फुले समाधान हा वाण वेळेवर आणि उशिरा, दोन्ही पेरण्यांसाठी शिफारशीत आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचा एमएसीएस 4028 हा बन्सी प्रकारचा वाण जिरायतीसाठी काढलेला आहे. तो सुमारे 102 दिवसांत येतो, सरासरी हेक्टरी 19.3 क्विंटल देतो आणि त्यात 14.7 टक्के प्रथिने आहेत. बालाघाटाच्या उतारावर असा वाण पहिल्यांदा तपासायला हवा. निफाडच्या वाणांची नावे त्र्यंबक, तपोवन, गोदावरी अशी तिथल्या मातीतून आलेली आहेत. बालाघाट किंवा मांजरा नावाचा एखादा गहू निघावा, अशी आमची मनापासून इच्छा आहे.

जिल्ह्याला याचा अनुभव आहे. अंबाजोगाईच्या सीताफळ संशोधन केंद्राने इथल्याच झाडांतून निवड करून धारूर 6 दिला आणि 2016 मध्ये बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळाले. गव्हाकडेही त्याच नजरेने बघावे. जुन्या घरांत अजून बन्सी आणि खपलीचे थोडेथोडे बियाणे जपलेले सापडेल. ते गोळा करून तपासावे आणि ज्यांनी जपले त्यांच्या नावाने पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा 2001 खाली नोंदवावे.

इथे एक गोष्ट आग्रहाने मांडतो. वाणाची निवड करताना फक्त क्विंटल मोजू नयेत. कोणत्या गव्हाला चीक जास्त निघतो, कुरडई कशाची चांगली होते, शेवया कशाच्या तुटत नाहीत, पोळी दुसऱ्या दिवशी मऊ राहते का, हे बायकांना माहीत असते. निवड समितीत गावातल्या शेतकरी महिलांना मतासह जागा द्यावी. भुशाचाही हिशोब धरावा, कारण दुष्काळात बैल जगतो तो त्यावरच.

गहू स्वपरागीभवनाचे पीक आहे. कपाशीच्या संकरित बियाण्यासारखे ते दरवर्षी विकत घ्यावे लागत नाही. चांगले मूळ बियाणे मिळाले तर शेतकरी तीन वर्षे घरचे वापरू शकतो. त्यामुळे प्रत्येक तालुक्यात गावपातळीवर बीजोत्पादन गट उभे करून त्यांना पायाभूत बियाणे द्यावे आणि ते ऑक्टोबरच्या आत पोहोचावे. पेरणी होऊन गेल्यावर आलेली पिशवी काय कामाची?

तांबेऱ्यासाठी प्रत्येक तालुक्यात लक्ष ठेवण्याचा एक प्लॉट असावा. हा रोग दक्षिणेकडच्या डोंगरांतून, निलगिरी-पळणीतून, वाऱ्यावर वर सरकतो, हे के. सी. मेहता यांनी फार पूर्वी दाखवले. मग इशाराही वेळेवर यावा.

प्रशिक्षण दसऱ्याच्या आधी व्हावे, कोयते गावात असताना. चाचण्यांचे आकडे, पडलेल्या वाणांचेही, मराठीत ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावेत.

चाचणीसाठी आमचे सभासद प्रत्येक ठिकाणी अर्धा एकर जमीन आणि मजुरी द्यायला तयार आहेत. पाण्याची नोंद आम्ही ठेवू, कापणी पंचांसमोर करू. येत्या रब्बीचे नियोजन ठरण्यापूर्वी आपण आम्हाला एका बैठकीची तारीख कळवावी, ही विनंती.

आपले,
बीड जिल्ह्यातील गहू उत्पादक शेतकरी