पाटे की स्प्रिंग?

बालमित्रांनो, रिकामी पिकअप कच्च्या रस्त्यावरून जाताना कशी थडथड उडते, पाहिलंय ना? तीच गाडी कांद्याच्या गोण्या भरून निघाली की शहाण्यासारखी चालते. असं का? उत्तर मागच्या चाकांपाशी आहे. (गाडी उभी असताना, ड्रायव्हरकाकांना विचारूनच वाकून बघायचं हं!)

तिथं पोलादाच्या पट्ट्या एकीखाली एक बांधलेल्या दिसतील. गॅरेजवाले त्यांना पाटे म्हणतात. सगळ्यांत लांब पाटा वर, त्याची टोकं गोल वळवलेली. खालचे आखूड होत गेलेले.

आता तीन स्टीलच्या फूटपट्ट्या घ्या. एक पट्टी दोन पुस्तकांवर पुलासारखी ठेवून मधोमध दाबा. पटकन वाकते. मग दोन ठेवा, मग तीन. जोर वाढवावा लागतो की नाही? आणि नीट बघा, वाकताना पट्ट्या एकमेकींवर किंचित घसरतात. पाट्यांतही असंच घर्षण होतं. त्यामुळे आणि मुळातच ते ताठ असल्यामुळे, गाडी रिकामी असली की लहानसहान खड्ड्यांना ते दादच देत नाहीत. सगळा दणका वर!

वेटोळ्याची स्प्रिंग म्हणजे बॉलपेनातल्या स्प्रिंगची थोरली बहीण. गंमत अशी, की ती दाबली की तिची सळई वाकण्यापेक्षा पिळली जाते. घासायला काही नाही, म्हणून प्रवास मऊ. पण ही स्प्रिंग फक्त ओझं पेलते. एक्सल मागे-पुढे सरकू नये म्हणून वेगळे दांडे लावावे लागतात. पाटे मात्र ओझंही पेलतात आणि एक्सललाही धरून ठेवतात. दोन कामं, एक पगार!

अमेरिकेत पिकअप ही पुष्कळांची घरची गाडी. तिथं 'राम १५००'ला २००९च्या मॉडेलपासून आणि टोयोटाच्या 'टुंड्रा'ला २०२२च्या मॉडेलपासून मागेही वेटोळ्याच्या स्प्रिंगा आल्या. आपल्याकडे २०२२ साली आलेल्या 'हायलक्स'ला पुढे स्प्रिंगा आहेत, मागे पाटेच. मला विचाराल तर माल वाहायला पाटाच बरा. मधला एखादा तुटला तर गाडी हळूहळू गॅरेजपर्यंत येते, नि तेवढाच बदलता येतो.

पालकहो, एक सांगते. टन-दीड टन मालासाठी केलेल्या या पाट्यांना वऱ्हाडातली दहा-बारा मुलं म्हणजे काहीच ओझं नाही. गतिरोधकावर हौदा जोरात उसळतो आणि कडेला उभं असलेलं मूल बाहेर फेकलं जाऊ शकतं. मालाच्या गाडीत माणसं बसवायला कायद्यानंही मनाई आहे. जत्रेला जायचं तर एसटी आहे, जीप आहे.

मुलांनो, आता कोडं. पाट्याचं एक टोक गाडीला पक्कं जोडलेलं असतं, दुसरं मात्र हलत्या कडीत अडकवलेलं. का बरं? फूटपट्टी पुन्हा दाबा आणि पुस्तकांवर तिची टोकं काय करतात ते बघा.