ओवरी, वाढी आणि चौक

सुट्ट्या लागल्या की मराठी मध्यमवर्ग आता लडाख, स्पिती, भूतानच्या वाटेला लागतो. यात तक्रार करण्यासारखे काही नाही. इ. स. ९९६ मध्ये उभारलेला ताबोचा मठ किंवा आल्चीच्या भिंती ज्याला पाहायला मिळाल्या, त्याने त्या अवश्य पाहाव्यात. आमचा आक्षेप आहे तो परत आल्यावर लिहिल्या जाणाऱ्या मराठीला. दिवाळी अंकांतून आणि रविवारच्या पुरवण्यांतून येणारी ही प्रवासवर्णने चाळली तर मठ नेहमी ‘निःशब्द’ असतो, भिक्षू नेहमी ‘निर्विकार’ हसतो, रंग ‘शतकानुशतके तसेच ताजे’ असतात, आणि मग पुढच्या परिच्छेदात ‘स्थानिक हस्तकलांचा बाजार’ येतो. मठ सकाळी, हस्तकला दुपारी. जणू या दोन गोष्टींचा एकमेकींशी काडीचाही संबंध नव्हता. एखाद्या लेखकाची शैली दुबळी असणे समजू शकते. पण शेकडो लेखकांची शैली एकाच जागी दुबळी पडत असेल, तर तेथे दृष्टीचाच दोष आहे असे म्हणावे लागते.

आम्ही घोटीच्या परिसरात मराठी शिकवणारे दोघे-तिघे. मुंबई-आग्रा रस्त्यावरचे, भातगिरण्यांचे हे गाव; दक्षिणेला १६४६ मीटरचे कळसूबाई, पश्चिमेला थळ घाटाची उतरण. ‘डोंगराळ प्रदेश, चित्रांकित विहार, पारंपरिक कला’ असा सहलीचा मजकूर कोणी आमच्या हाती दिला, तर तो हिमालयाचाच आहे असे आम्हांला का वाटावे? अजिंठ्याचे विहार सातमाळा-अजिंठ्याच्या रांगेत आहेत, नाशिकची चोवीस लेणी आमच्यापासून तासाभरावर आहेत, आणि त्र्यंबक ओलांडून जव्हारकडे उतरले की वारली पाडे लागतात. तिन्ही ठिकाणे सह्याद्री आणि त्याच्या फांद्यांवरचीच. तरीही आमच्या अभ्यासक्रमातले प्रवासवर्णन बहुधा समुद्र ओलांडल्याशिवाय सुरू होत नाही.

नाशिकच्या लेण्यांपासून सुरुवात करू. येथे अजिंठ्यासारखी चित्रे नाहीत, म्हणून सहलींचे गट दहा मिनिटांत खाली उतरतात. पण दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचे लेख आहेत, आणि साहित्याच्या विद्यार्थ्याने तेथे दहा मिनिटे नव्हे, अर्धा दिवस घालवावा असे ते आहेत. एका लेखात तो सांगतो की गोवर्धनातील विणकरांच्या श्रेणींकडे आपण तीन हजार कार्षापण ठेवले: एका श्रेणीकडे दोन हजार, दरमहा शेकडा एक व्याजाने, दुसरीकडे एक हजार, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यायचे नाही, फक्त वाढ वापरायची. पहिल्या ठेवीच्या व्याजातून या लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी द्यायचे. दुसऱ्या ठेवीचा विनियोग ‘कुशणमूल’ या शब्दाने सांगितला आहे, आणि त्या शब्दाच्या अर्थावर अभ्यासकांत अजून वाद आहेत. हा व्यवहार निगमसभेत ऐकवून नोंदवलेला आहे, हेही लेखात येते.

विद्यार्थ्यांना आम्ही येथे पाटी-पेन्सिलीचे गणित घालतो. दोन हजारांचे दरमहा शेकडा एकने महिन्याला वीस होतात, वर्षाला दोनशे चाळीस. वीस भिक्षू गुणिले बारा? दोनशे चाळीस. हिशेब एका कार्षापणानेही चुकत नाही. एकोणीसशे वर्षांच्या आसपासचा हा ताळेबंद जुळला, की वर्गात जी कुजबुज होते ती कोणत्याही ‘निःशब्द शांतते’पेक्षा आम्हांला मोलाची वाटते. कारण त्या क्षणी विहार म्हणजे जगाकडे पाठ फिरवून बसलेली गुहा राहत नाही. भिक्षूच्या अंगावरचे वस्त्र गोवर्धनातल्या मागाशी बांधलेले दिसते. त्याच लेण्यातला आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळचा लेख तर आणखी पुढे जातो: आजारी भिक्षूंच्या औषधासाठी कुंभार, पाणी खेचणारी यंत्रे करणारे आणि तेली यांच्या श्रेणींकडे ठेवी ठेवल्याचे त्यात आहे. ज्याला सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत ‘मठ’ आणि ‘हस्तकला’ म्हणून दोन खाने पाडले जातात, ते येथे एकाच वाक्यात, एकाच कर्तृपदाखाली नांदते.

आणि भाषा? या लेखांची प्राकृत आमच्या विद्यार्थ्यांना परकी वाटत नाही, हा आमचा अनुभव आहे. व्याजाला लेखात ‘वढि’ हा शब्द आहे. आमच्या भागातल्या ज्या घरांनी सावकाराकडून पावसाळ्यात धान्य उचलले, त्या घरांतल्या मुलांना ‘वाढीदिढी’ हा शब्द समजावून द्यावा लागत नाही. त्याच लेण्यात उषवदाताची पत्नी दक्षमित्रा हिने एक खोली दान केल्याचा लेख आहे. खोलीसाठी तेथे ‘ओवरक’ हा शब्द येतो. देवळाची ओवरी ज्याने पाहिली आहे त्याला तो कोशात शोधण्याची गरज नाही. उलट ‘कोलिक’ हा शब्द वाचून महादेव कोळी समाजातली मुले एकमेकांकडे पाहतात, तेव्हा मात्र थांबून सांगावे लागते, की येथे अर्थ विणकर असा आहे. शब्द सारखा दिसतो म्हणून माणसे तीच असतात असे नाही, हा व्युत्पत्तीचा पहिला धडा इतक्या सहजपणे वर्गात देता येत नाही. वा. वि. मिराशी यांनी सातवाहन आणि पश्चिमी क्षत्रप यांच्या इतिहासावरील आपल्या ग्रंथात हे लेख मराठीत आणून ठेवले, त्यालाही आता चार दशके उलटून गेली. आमच्या एम. ए.च्या कितीशा वर्गांनी तो उघडला असेल?

हा प्रश्न आम्ही मुद्दाम आज विचारतो आहोत. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्यासाठी रंगनाथ पठारे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने जो पुरावा मांडला, त्यात नाणेघाटाचा शिलालेख होता, महाराष्ट्री प्राकृत होती. दर्जा मिळाल्यावर सर्वत्र सत्कार झाले, फलक लागले. पण ज्या दगडांच्या साक्षीवर हा दर्जा मागितला, ते दगड वाचू शकणारा मराठीचा पदवीधर आम्ही घडवतो आहोत काय? आमच्या मते नाही. आणि हे दगड दूरही नाहीत.

अजिंठ्याविषयी थोडे. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला, आणि छत्रपती संभाजीनगरकडे जाणे सोपे झाले. सोपे झाले म्हणजे अजिंठ्यावरची गर्दीही वाढणार. ज्या चित्रांपुढे आपण उभे राहतो, ती ‘शतकानुशतके तशीच’ मुळीच नाहीत. १८१९ मध्ये जॉन स्मिथने दहाव्या लेण्यात आपले नाव कोरले. रॉबर्ट गिलने कष्टाने केलेल्या प्रतिकृतींपैकी बहुतेक १८६६ च्या लंडनमधील आगीत गेल्या, ग्रिफिथ्सने जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांकडून करवलेल्या प्रतिकृतींतल्याही पुष्कळशा १८८५ मध्ये तेथेच जळाल्या. निजामाच्या काळात १९२० च्या सुमारास इटालियन तज्ज्ञांनी चित्रांवर लाखेचा थर दिला. तो पुढे पिवळा पडला. तेव्हा सोळाव्या-सतराव्या लेण्यात आपण जे पाहतो त्यात वाकाटककाळाबरोबर हा सारा इतिहासही असतो. वर्णनपर गद्यात याचा मागमूस नसतो. ‘पद्मपाणीच्या डोळ्यांतील करुणा’ लिहिणे सोपे असते. भिंतीवरच्या गिलाव्यात माती, वनस्पतींचे तंतू आणि भाताचे तूस आहे, हे लिहायला मात्र वाकून पाहावे लागते. तुसाच्या राशी आमच्या गावात गिरण्यांमागे पडलेल्या असतात. चित्राखाली काय असते हे येथल्या मुलाला शहरातल्या मुलापेक्षा लवकर कळते.

भातच पुढे जव्हार-डहाणूकडे पांढरा रंग होतो. कुडाच्या, शेणामातीने सारवून गेरूने रंगवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक काढला जातो. चौकात पालघट देवी असते; धवलेरी गाते; काम सवासिणींचे. आणि क्रियापद? ‘काढणे’ हे आपले. वारली स्त्रिया चौक ‘लिहितात’. मराठीच्या प्राध्यापकांनी या एका क्रियापदासाठी तरी घाट उतरावा. संस्कृतात ‘लिख्’ धातू चित्रालाही चालतो, जुन्या मराठीतही चित्र लिहिले जाते. पुढे आम्ही अक्षरवाल्यांनी ‘लिहिणे’ आपल्याकडे घेतले आणि इतरांना ‘काढणे’ देऊन टाकले. ज्यांच्या नावापुढे आपण ‘निरक्षर’ असा शेरा मारतो त्या बायकांनी ते क्रियापद सोडले नाही.

१९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत भास्कर कुलकर्णी या चित्रांपर्यंत पोहोचले, कागद आला, पाठोपाठ गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांचे नाव देशोदेशी गेले. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये ते वारले. त्यांची प्रतिभा निर्विवाद होती, आणि चित्राला पैसा मिळाला याचे आम्हांला दुःख नाही. उपाशी पाड्याने ‘शुद्ध’ राहावे, ही अपेक्षा करणारे रसिक आम्हांला पटत नाहीत. पण कागदावर आल्याबरोबर कामाचा मान बराचसा पुरुषांकडे गेला, लग्नविधी मागे राहिला, आणि क्रियापद हरवून ‘वारली पेंटिंग’ हे नाम उरले. आता ते कपांवर, उपाहारगृहांच्या भिंतींवर, आमच्या परिसरातल्या रिसॉर्टांच्या कुंपणांवर आहे. चौक नाही, नाचणाऱ्या आकृत्यांचा गोल तेवढा आहे.

म्हणून सहल कशी असावी, याविषयी आमचे काही आग्रह आहेत. नव्या अभ्यासक्रमात क्षेत्रीय प्रकल्पाला आणि भारतीय ज्ञानप्रणालीला श्रेयांक आहेत. प्रत्यक्षात काय होते? ‘शैक्षणिक सहल’ असा फलक धरून लेण्याच्या पायऱ्यांवर छायाचित्र, त्यावर स्थळ-वेळेची नोंद, आणि अहवालात ‘विद्यार्थ्यांना समृद्ध वारशाची ओळख झाली’ हे वाक्य. मूल्यांकन समितीचे समाधान होते. असो. आमच्या परंपरेत याहून चांगला नमुना पडलेला आहे. महानुभावांच्या ‘स्थानपोथी’त चक्रधरांनी पाय ठेवलेल्या जागा नोंदवल्या आहेत: देऊळ कोणत्या तोंडाचे, कोणती जागा कशाच्या कोणत्या दिशेला. विशेषणे जवळजवळ नाहीत. भक्ती दिशांच्या नेमकेपणात आहे. प्रवासवर्णनाचा स्वाध्याय म्हणून आम्ही विद्यार्थ्यांना असे एक पान लिहायला सांगतो. ‘रमणीय’, ‘अप्रतिम’, ‘थक्क करणारे’ हे शब्द वर्ज्य. पहिल्या वेळी सगळ्यांचे पान अर्धेच भरते. दुसऱ्या वेळी लेण्यातल्या पाण्याच्या टाक्यांची संख्या येते, उंबऱ्याची झीज येते, कोणत्या लेखाशेजारी अलीकडच्या प्रेमिकांची नावे खरडली आहेत तेही येते.

यंदा भाताची झोडणी उरकली की आम्ही दोन दिवसांसाठी निघणार आहोत. अजिंठा नाही, आधी नाशिक, मग त्र्यंबक-मोखाडा-जव्हार. वाट अशीच ठरवण्याला कारण उषवदाताच दुसऱ्या एका लेखात देतो. आपण कोणकोणत्या नद्यांवर फुकट नावा ठेवल्या हे तो तेथे सांगतो: इबा, पारदा, दमण, तापी, करबेणा, डहाणुका. यांतल्या दमणगंगेचा उगम आमच्या जिल्ह्यातला, आणि डहाणूकडे आजही चौक लिहिला जातो. लेखाची प्रत प्रत्येकाच्या हाती राहील. नद्यांची नावे पाड्यावरच्या बायकांपुढे मोठ्याने वाचायची, आणि त्या नद्यांना त्यांच्या बोलीत काय म्हणतात ते लिहून घ्यायचे, एवढे काम ठरले आहे.