जत्रा लहान, बोध मोठा

जपानच्या शिकोकू बेटावर तोकुशिमा हे शहर आहे. सुमारे चारशे वर्षांची परंपरा सांगणारे ‘आवा ओदोरी’ हे लोकनृत्य ही त्याची ओळख. ऑगस्टमध्ये, पितृस्मरणाच्या ओबोन पर्वात, सारे शहर रस्त्यावर येऊन नाचते. याच शहरात २००९ साली ‘माची आसोबी’ नावाने ॲनिमे, म्हणजेच जपानी ॲनिमेशनपटांच्या रसिकांचा मेळावा सुरू झाला. महानगरातील दालनांच्या मागे न लागता संयोजकांनी शहराची बाजारपेठ, नदीकाठ आणि बिझान डोंगर यांनाच मंडप मानले. पुढे ॲनिमेरसिकांचे पथक आवा ओदोरीतही नाचू लागले. नव्या पिढीचा छंद आणि पूर्वजांचा उत्सव यांच्यात भांडण लागले नाही. दोघांचे नाते जुळले.

आपल्याकडील मध्यमवर्गीय घरांतही मुले आज ॲनिमेत रमलेली दिसतात. पालकांची चिंता अनाठायी नाही. यातील पुष्कळ कथा हिंसक असतात, काही सरळसरळ प्रौढांसाठी असतात. परंतु चिंता म्हणजे तिरस्कार नव्हे. न पाहताच निषेध करण्याची घाई कशी अंगाशी येते, याचे उदाहरण आपल्याच घरातले आहे. जपानी निर्माते युगो साको १९८३ साली पुरातत्त्ववेत्ते डॉ. बी. बी. लाल यांच्या उत्खननावरील माहितीपटाच्या निमित्ताने भारतात होते. परकीय मनुष्य रामायणावर चित्रपट काढत आहे, अशा समजुतीने विश्व हिंदू परिषदेने जपानी दूतावासाकडे निषेधपत्र धाडले. पुढे गैरसमज दूर झाला. साको यांनी रामायणाचे जपानी भाषेतील अनेक अवतार अभ्यासले आणि राम मोहन यांच्यासारख्या भारतीय कलावंताला सोबत घेऊन ‘रामायण : द लेजंड ऑफ प्रिन्स राम’ हा ॲनिमेपट साकारला. १९९३ साली भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात तो दाखवला गेला. जानेवारी २०२५ मध्ये तो देशभरातील चित्रपटगृहांत झळकला, तेव्हा आजोबा आणि नातवंडे शेजारी बसून तो पाहू शकली. साको मात्र २०१२ सालीच निवर्तले होते.

म्हणूनच एखाद्या जिल्ह्याच्या गावी तरुणांनी ॲनिमेचा छोटासा मेळावा भरवला, तर त्याकडे पाठ फिरवू नये. टोकियोचा जगप्रसिद्ध ‘कॉमिक मार्केट’ १९७५ साली सुरू झाला तेव्हा तेथे अवघे सातशेच्या आसपास लोक जमले होते. शाळेचे सभागृह मिळवून द्यावे, चित्रपटांची निवड वयानुरूप व्हावी म्हणून सोबत बसावे, गावातील चित्रकार, कीर्तनकार, दशावतारी कलावंत यांना त्याच व्यासपीठावर बोलवावे. जपानी बालकाला आपल्या मातीचा अभिमान ॲनिमेतून मिळतो. आपल्या मुलांनी तो केवळ पाहत राहायचा की स्वतःची लेखणी, कुंचला हाती घ्यायचा? कुंचला हाती यायचा तर आधी कोणीतरी पाठीवर हात ठेवावा लागतो. तो हात घरातल्या वडीलधाऱ्यांचा असावा.