मध्येच मान टाकणारा लॅपटॉप
सदर : यंत्रांचा दवाखाना



आपल्या दवाखान्यात या वेळी सांगलीहून एक पेशंट आलाय. म्हणजे पत्रातून आलाय, बरं का! पत्र लिहिणारी नववीत शिकते. ती म्हणते,

"काका, माझ्या दादाचा सहा वर्षांचा गेमिंग लॅपटॉप आता माझ्याकडे आहे. गृहपाठ करणं, गाणी ऐकणं, सिनेमा बघणं, सगळं छान चालतं. पण गेम सुरू केला की दहा-पंधरा मिनिटांत स्क्रीन काळी होते आणि लॅपटॉप फट्कन बंद! चार्जर लावलेला असतो, तरीसुद्धा. परवा शाळेच्या प्रकल्पाचा व्हिडिओ तयार करतानाही तसंच झालं आणि दोन दिवसांचं काम गेलं. दुकानातले काका म्हणाले, 'बोर्ड गेलाय, आता पैसे घालू नका.' बाबा म्हणतात, भंगारात देऊन टाकू. खरंच मेलाय का हो तो?"

थांबा, थांबा! इतक्या लवकर नको. मदरबोर्ड बिघडू शकतो, नाही असं नाही. पण तो सगळ्यांत महागडा भाग. त्याच्यावर संशय घ्यायचा तो सगळ्यांत शेवटी. त्याआधी बाकीच्यांची चौकशी नको का करायला?

पोट दुखतंय म्हणून तुम्ही डॉक्टरांकडे गेलात, तर ते लगेच पोट कापायला घेत नाहीत. आधी विचारतात, "केव्हा दुखतं? जेवणाआधी की जेवणानंतर?" यंत्रांच्या डॉक्टरनंही तेच करायचं. 'का बंद पडतो?' हे विचारायच्या आधी विचारायचं, 'केव्हा बंद पडतो?' अर्धं निदान तिथंच होतं.

वीज कुठून कुठे जाते?

आधी विजेचा रस्ता पाहू. भिंतीतल्या सॉकेटमध्ये २३० व्होल्टची वीज असते आणि तिची दिशा सतत उलटसुलट होत असते. लॅपटॉपला असली वीज चालत नाही. म्हणून चार्जरचा तो काळा ठोकळा तिचे १९-२० व्होल्ट करतो आणि ती एकाच दिशेनं वाहती करतो. मग ती पिनमधून लॅपटॉपच्या जॅकमध्ये शिरते. तिथून थोडी बॅटरी भरायला जाते आणि बाकीची बोर्डावर जाते. बोर्डावरचे छोटे छोटे भाग तिचा व्होल्टेज आणखी खूप कमी करून ती प्रोसेसरला आणि ग्राफिक्सच्या चिपला पुरवतात.

म्हणजे सॉकेट, चार्जर, जॅक, बॅटरी आणि बोर्ड अशी ही साखळी आहे. तपासायचं ते याच क्रमानं. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि लॅपटॉप सुरू झाला, तर कशामुळे सुरू झाला ते कळणार कसं?

पाच प्रश्न, पाच उत्तरं

मी आपल्या सांगलीच्या मैत्रिणीला पाच प्रश्न पाठवले. तिनं मन लावून उत्तरं पाठवली.

१) दुसऱ्या खोलीतल्या सॉकेटवर लावून पाहिलंस का? – हो. तरी तसंच होतं.

२) बंद पडताना तो खूप तापलेला असतो का? – तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर घातलं. गेम चालू असताना ८० अंशांच्या आसपास असतं.

३) चार्जर मूळचाच आहे का? त्यावर काय छापलंय? – मूळचा दादाच्या होस्टेलवर हरवला. हा बाजारातून घेतलाय. पिन अगदी तीच आहे. त्यावर 'आउटपुट १९.५ व्होल्ट, ४.६२ अँपिअर' असं आहे.

४) गेम खेळताना बॅटरीचा आकडा काय करतो? – चार्जर लावूनही खाली खाली येतो! साधारण निम्म्यावर आला की लॅपटॉप बंद.

५) लॅपटॉप टेबलावर सपाट बसतो का? – नाही. हल्ली डुगडुगतो. टचपॅडची एक बाजूही थोडी वर आलीय.

पाचवं उत्तर वाचलं आणि मी बाकी सगळं बाजूला ठेवून आधी तिच्या बाबांना फोन केला. कारण ते लक्षण गेमपेक्षा फार मोठ्या धोक्याचं होतं. ते काय, ते सांगतोच. आधी तिसऱ्या आणि चौथ्या उत्तराचा हिशेब करू.

गुणाकारात सापडला चोर

व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट. हे तुम्हाला शाळेत शिकवलेलं आहे. १९.५ गुणिले ४.६२, म्हणजे जवळजवळ ९० वॅट. आता लॅपटॉपच्या पोटावरचं लेबल वाचा, असं मी तिला सांगितलं. तिथं होतं १९.५ व्होल्ट, ९.२३ अँपिअर. म्हणजे १८० वॅट! पिन तीच, व्होल्टही तेच, पण चार्जर निम्म्या ताकदीचा.

गृहपाठ करताना असा लॅपटॉप वीस-तीस वॅट खातो. तेव्हा ९० वॅटचा चार्जर आरामात पुरतो. पण गेम सुरू झाला की प्रोसेसर आणि ग्राफिक्सची चिप दोघंही जोरात धावतात. मग भूक १४० वॅटच्या घरात जाते. वरचे ५० वॅट आणायचे कुठून? अनेक गेमिंग लॅपटॉप अशा वेळी बॅटरीकडून उसने घेतात. म्हणून तर चार्जर लावलेला असूनही आकडा खाली येत होता.

बॅटरी तरुण असती तर हे काही काळ खपूनही गेलं असतं. पण बॅटरीही सहा वर्षांची. विंडोजमध्ये तिचं वय तपासायची सोय आहे. 'कमांड प्रॉम्प्ट' उघडायचा. तिथं इंग्रजी अक्षरांत 'पॉवरसीएफजी' हा सलग शब्द, मग एक जागा सोडून तिरकी रेघ आणि तिला लागून 'बॅटरीरिपोर्ट' असं टाइप करायचं. एक अहवाल तयार होतो. त्यात दोन आकडे बघायचे. 'डिझाइन कपॅसिटी' म्हणजे नवी असताना किती वीज मावायची, आणि 'फुल चार्ज कपॅसिटी' म्हणजे आता किती मावते. आपल्या पेशंटचे आकडे होते ५६ वॅट-तास आणि २२ वॅट-तास. निम्म्याहूनही कमी!

शिवाय म्हाताऱ्या बॅटरीचा अंतर्गत रोध वाढलेला असतो. क्षार साचलेल्या नळासारखं समजा. टाकीत पाणी असतं, पण बादली भरायला धार लागत नाही. एकदम जास्त वीज मागितली की तिचा व्होल्टेज कोसळतो, आणि आकडा पन्नास टक्के दाखवत असतानाच लॅपटॉप मान टाकतो.

फुगलेली बॅटरी : खेळ बंद!

आता पाचवं उत्तर. लिथियम-आयन बॅटरी जुनी झाली किंवा खराब झाली की आतली रसायनं विघटित होऊन वायू तयार होतो. बॅटरी उशीसारखी फुगते आणि वरच्या टचपॅडला किंवा खालच्या झाकणाला ढकलते. अशी बॅटरी दाबली, वाकवली किंवा तिला टोक लागलं, तर आतल्या आत शॉर्ट होऊन ती पेट घेऊ शकते. आणि ही मुलगी लॅपटॉप रात्री गादीवर चार्जिंगला लावून झोपत होती!

तेव्हा लॅपटॉप डुगडुगायला लागला, टचपॅड वर आला किंवा क्लिक करताना घट्ट लागला, तर लगेच बंद करा. चार्जर काढा. गादी-पडद्यांपासून दूर, फरशीवर ठेवा आणि घरातल्या मोठ्यांना सांगा. टचपॅड दाबून 'जागेवर बसवायला' जाऊ नका. बॅटरी तंत्रज्ञांकडूनच काढून घ्यायची. काढलेली बॅटरी घरच्या कचऱ्यात टाकायची नाही. २०२२ सालच्या बॅटरी कचऱ्याच्या नियमांप्रमाणे जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. म्हणून ती सेवाकेंद्रात किंवा ई-कचरा गोळा करणाऱ्या अधिकृत केंद्रात द्यायची.

मग पुढे काय झालं?

बाबांनी लॅपटॉप दुसऱ्या तंत्रज्ञांकडे नेला. त्यांनी फुगलेली बॅटरी अलगद काढली. मग बॅटरीशिवायच १८० वॅटचा चार्जर लावून तासभर गेम चालवून पाहिला. लॅपटॉप थोडा मंदावला, पण बंद पडला नाही. याचा अर्थ काय? बोर्ड शाबूत! नंतर नवी बॅटरी बसवली. ती आणि योग्य चार्जर, दोन्ही मिळून नव्या लॅपटॉपपेक्षा कितीतरी स्वस्तात काम झालं. प्रकल्पाचा व्हिडिओ मात्र तिला पुन्हा करावा लागला. आता ती दर दहा मिनिटांनी काम सेव्ह करते म्हणे.

बाकीच्या पेशंटांसाठी

तुमच्या लॅपटॉपचं दुखणं वेगळं असू शकतं. म्हणून ही लक्षणं वहीत उतरवून ठेवा.

• अजिबात सुरूच होत नाही : आधी त्याच सॉकेटवर टेबललॅम्प लावून पाहा. मग चार्जर काढून पॉवरचं बटण तीस सेकंद दाबून धरा, सोडा, चार्जर लावा आणि पुन्हा सुरू करा. कधी कधी एवढ्यानंच गाडी सुटते.

• चार्जरचा दिवा लॅपटॉपला जोडताच विझतो : लॅपटॉपच्या आत शॉर्ट असण्याची शक्यता. हे काम तंत्रज्ञांचं.

• पिन हलवली की चार्जिंग जातं-येतं : जॅक सैल झालाय किंवा त्याचा टाका उखडलाय. पिन गरम लागते का, तेही बघा. नऊ अँपिअर वाहत असताना सांध्यात ओहमच्या दहाव्या भागाएवढाच रोध असला, तरी तिथं आठ वॅट उष्णता तयार होते. एवढ्याशा जागेत तेवढी उष्णता प्लॅस्टिक वितळवायला पुरते.

• चार्जर काढताच क्षणात बंद : संशय बॅटरीवर.

• पंखे घोंघावतात, तळ भाजतो, गार झाल्यावर पुन्हा थोडा वेळ चालतो : धूळ साचलीय किंवा प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट वाळलीय.

• दर वेळी तारीख-वेळ चुकते : अनेक लॅपटॉपमध्ये घड्याळासाठी नाण्याएवढा छोटा सेल असतो. तो संपलाय.

एक गोष्ट मात्र कधीही करायची नाही. चार्जरचा ठोकळा उघडायचा नाही. त्याच्या आत सव्वातीनशे व्होल्टपर्यंत वीज साठलेली असते आणि सॉकेटमधून काढल्यावरही ती काही वेळ टिकून राहू शकते.

या आठवड्याचा उद्योग

घरातले सगळे चार्जर गोळा करा. फोनचा, लॅपटॉपचा, आजोबांच्या रेडिओचा, जो मिळेल तो. लेबलावरच्या 'आउटपुट'पुढचे व्होल्ट आणि अँपिअर वाचा, गुणाकार करा आणि वॅटचा तक्ता बनवा. मग प्रत्येक चार्जर ज्या यंत्राला लावता, त्याच्या लेबलाशी तो जुळतो का ते पाहा. न जुळणारी जोडी सापडली, तर मला जरूर कळवा. आणि हो, लॅपटॉप डुगडुगतो का, तेही आजच पाहून घ्या!

तुमचा,
यंत्रकाका