खेळ, वाचन आणि आपली सोयीस्कर तक्रार

'मुले मोबाइलवर खेळतात, म्हणून वाचत नाहीत' हे प्राध्यापक-कक्षातले लाडके निदान आहे. ते सोयीचे आहे, खरे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ या वर्गीकरणातही नुसत्या खेळण्याला विकार म्हटलेले नाही. ताबा सुटणे, इतर सारे मागे पडणे, नुकसान दिसूनही खेळ चालूच राहणे आणि हे साधारणतः १२ महिने टिकणे, या त्याच्या कसोट्या आहेत. छंद आणि व्यसन यांतला हा भेद आपण सरसकट पुसून टाकतो.

खेळात हरलेल्याला आपली चूक तत्क्षणी कळते आणि पुन्हा संधी मिळते. आपल्या वर्गात निबंध लिहिणाऱ्याला सत्राअखेरीस फक्त एक आकडा कळतो. तो का, हे कुणी सांगत नाही. मग त्याने जीव कुठे लावावा?

विद्यार्थ्याचीही यातून सुटका नाही. कादंबरीत खूण घालून उठता येते. 'बीजीएमआय'मधला शंभर जणांचा सामना आपल्यासाठी थांबत नाही. तेव्हा 'हा शेवटचा डाव' म्हणण्याआधी घड्याळ पाहण्याची जबाबदारी त्याचीच.

पण आधी आपण उत्तरपत्रिकेच्या समासात दोन ओळी लिहू या. त्याखेरीज खेळाला दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही.