जाब विचारणारा आमदार हवा!

कामगार बंधूंनो, पगारात खाडा लावला तर आम्ही हिशेब मागतो. तोच हक्क विधानसभेत आमदाराला आहे. कामकाजातला एक तास प्रश्नोत्तरांचा. तारांकित प्रश्नाला मंत्र्याला उभं राहून तोंडी उत्तर द्यावं लागतं, वर उपप्रश्नही झेलावे लागतात. अतारांकिताला नुसतं लेखी उत्तर.

या हत्याराला धार किती? १९५७ साली आयुर्विमा महामंडळाचा, म्हणजे विमेदारांच्या घामाचा पैसा मुंदडाच्या कंपन्यांत गेला. फिरोज गांधी काँग्रेसचेच. तरी त्यांनी लोकसभेत आपल्याच सरकारला धारेवर धरलं. छागला आयोग बसला आणि १९५८ साली अर्थमंत्री कृष्णम्माचारींना खुर्ची सोडावी लागली.

आता हिंगोलीकडे पाहा. १९९९ साली परभणीतून जिल्हा वेगळा झाला. हिंगोली, कळमनुरी, वसमत असे तीन मतदारसंघ. ३७१ व्या कलमाखाली १९९४ साली मराठवाड्याला विकास मंडळ मिळालं. त्याचा अहवाल दरसाल विधानसभेपुढे ठेवणं बंधनकारक. एप्रिल २०२० अखेर त्याची मुदत संपली. मंडळाची मुदत संपते, प्रश्न विचारायचा हक्क संपत नाही!

१९६० साली मराठी राज्य मिळवलं ते आपल्या भाषेत आपल्याच मंत्र्याला जाब विचारता यावा म्हणून. तेव्हा गावी गेलात की आमदाराला गाठा. पाण्याचा, दवाखान्याचा, शाळेचा प्रश्न कितीदा टाकलात? मंत्री काय बोलले? बोलले ते केलं का? उत्तर मिळेस्तोवर सोडू नका!