पांझरेचे पाट आणि कायद्याची चौकट

मध्ययुगीन वारसा म्हटला, की खानदेशात थाळनेरचा किल्ला आणि तेथील फारुकी सुलतानांच्या कबरी आठवतात. परंतु पांझरा, कान आणि जामखेली या नद्यांच्या काठी, धुळे जिल्ह्यातील साक्री परिसरात, शतकांपूर्वी खोदलेले मातीचे पाट काही ठिकाणी आजही शेतांना पाणी देत आहेत. नदीवरच्या लहान बंधाऱ्यांतून निघणाऱ्या या पाटांवर उभी राहिलेली व्यवस्था म्हणजे फड पद्धत.

बंधाऱ्याखालील जमिनीचे साधारणपणे तीन-चार फड पाडले जातात आणि एका फडात एका हंगामात एकच पीक घेतले जाते. शेतकऱ्याची जमीन शक्यतो निरनिराळ्या फडांत विभागलेली असते. त्यामुळे पाणी घटले आणि एखादा फड कोरडा ठेवावा लागला, तरी तोटा एकट्या-दुकट्याच्या माथी येत नाही. पाण्याचे वाटप गावाने नेमलेला पाटकरी करतो, तर पाटातील गाळ लाभधारक मिळून काढतात. मातीचा पाट शतकानुशतके टिकला तो या दरवर्षीच्या श्रमामुळे.

सर विश्वेश्वरय्या १८८४ साली मुंबई इलाख्याच्या सेवेत रुजू झाले, तेव्हा त्यांच्या सुरुवातीच्या कामांपैकी एक पांझरेच्या खोऱ्यातच होते. पुढे दख्खनच्या कालव्यांसाठी त्यांनी ब्लॉक पद्धत मांडली. तिचे फड पद्धतीशी असलेले साम्य लक्षणीय आहे.

स्वातंत्र्योत्तर काळात नद्यांच्या वरच्या अंगाला धरणे झाली, शेताशेतांत विहिरी आल्या. पाणी केव्हा सोडायचे, हा निर्णय गावाबाहेर गेला. ज्याच्याकडे स्वतःची विहीर आहे, त्याला सामाईक पाटाची निकड उरली नाही. गाळ साचू लागला, की पाट बुजण्यास फार काळ लागत नाही.

विरोधाभास असा, की राज्याने २००५ मध्ये सिंचनाचे व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे सोपविणारा कायदा केला. त्याला अभिप्रेत असलेला लोकसहभाग फडांच्या गावांनी पिढ्यान्‌पिढ्या जपला होता. पुरातत्त्वाची दृष्टी किल्ले, मंदिरे आणि कबरींवर. सिंचनाची नवीन प्रकल्पांवर. पाट या दोहोंच्या मध्ये हरवतात.

पाटांभोवती कुंपण घालून ते वाचणार नाहीत. प्रत्येक पाटाची मोजणी व नोंद, आणि धरणाच्या पाण्यात बंधाऱ्यांचा निश्चित वाटा, एवढे झाले तरच गावाला हातात फावडे घेण्यास कारण उरेल.